वायरलेस नर्स कॉल बेल: वॉर्डात हमखास विचारले जाणारे प्रश्न

गिरगावपासून मुलुंडपर्यंतच्या नर्सिंग होममध्ये आणि हॉस्पिटलांत बेल बसवणं आणि बिघडल्या की दुरुस्त करणं हा माझा धंदा. डॉक्टर, मेट्रन, सिस्टर, पेशंटच्या उशाशी बसलेली लेक, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. प्रत्येकाला शिडीवर उभं राहून उत्तर देण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलेलं बरं.

शेवटी बेलच ना ती? मग एवढा बाऊ कशाला?

दाराची बेल वाजते आणि विरून जाते. तुम्हाला ऐकू आली नाही तर कुरियरवाला निघून जातो, उद्या परत येतो. वॉर्डात तसं चालत नाही. रात्री दोनला सिस्टर एका खोलीत सलाईन लावतायत आणि सात नंबरच्या बेडवरून कोणी बटण दाबलं, तर त्या बाहेर येईपर्यंत ती हाक कुठेतरी टिकून राहायला हवी. नर्स कॉल म्हणजे हाक टिकवून ठेवणारं यंत्र. वाजणं हा त्यातला लहानसा भाग.

कल्पना जुनीच आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरच्या रुग्णालयाचं काम हाती घेतलं, तेव्हाच त्यांनी असल्या घंटा मागितल्या होत्या: पेशंटची घंटा नर्सच्या दाराबाहेर वाजावी, आणि वाजलेल्या घंटेची झडप उघडून तशीच उघडी राहावी, म्हणजे कोणी बोलावलं ते नर्सला दिसेल. आज खोलीच्या दारावर लागतो तो दिवा म्हणजे तीच झडप.

बटण दाबल्यापासून सिस्टर येईपर्यंत आत काय काय घडतं?

पेशंटच्या हातातल्या बटणात एक छोटा ट्रान्समीटर असतो. एरवी तो झोपलेला असतो. बटण दाबलं की जागा होतो आणि रेडिओवरून तीन-चार गोष्टी पाठवतो: माझा नंबर हा, कॉल साधा आहे की बाथरूमचा की इमर्जन्सीचा, आणि बॅटरी किती उरली. एवढा संदेश जायला डोळ्याची पापणी लवण्याइतका वेळही लागत नाही. दोन पेशंटनी एकाच क्षणी बटण दाबलं तर दोन संदेश हवेत एकमेकांवर आदळतात आणि दोन्ही वाया जातात. म्हणून बटण तोच संदेश पुन्हा पुन्हा पाठवतं, आणि मधलं अंतर दर वेळी थोडं मागेपुढे करतं.

संदेश रिसीव्हरला मिळतो. लांबच्या खोलीतून येत असेल तर वाटेतला रिपीटर तो झेलून पुढे ढकलतो. काउंटरवरच्या कन्सोलवर बेड नंबर उमटतो, बझर वाजतो, दारावरचा दिवा लागतो, आणि सोय असेल तर सिस्टरच्या खिशातला पेजर किंवा फोन थरथरतो. ठरलेल्या वेळात कोणी गेलं नाही तर कॉल वरच्या पायरीवर चढतो: आधी दुसऱ्या सिस्टरकडे, मग इनचार्जकडे.

इथे एक बारीक गोष्ट आहे, जी विकणारे आपणहून सांगत नाहीत. काही बटणं फक्त बोलतात, ऐकत नाहीत. त्यांचा दिवा लागला म्हणजे ‘मी पाठवलं’ एवढंच कळतं. पोचलं की नाही ते बटणालाही ठाऊक नसतं. दुतर्फा बटणांना रिसीव्हरकडून पोच मिळते आणि मगच दिवा लागतो. घाबरलेल्या पेशंटसाठी हा फरक फार मोठा आहे. घेताना तोंडावर विचारा: हा दिवा पाठवल्याचा की पोचल्याचा?

बेल काउंटरवरूनच बंद करता आली तर किती बरं! पेशंटच्या बेडपर्यंत जायची सक्ती कशाला?

ही तक्रार मला प्रत्येक वॉर्डात ऐकायला मिळते आणि प्रत्येक वेळी मी हट्टाने नाही म्हणतो.

एका नर्सिंग होममध्ये आधीच्या माणसाने कॅन्सलचं बटण कन्सोलवर देऊन ठेवलं होतं. मी रात्री दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो. काउंटरवर सिस्टर औषधांच्या ट्रेमध्ये इंजेक्शनं भरत होत्या. बझर वाजला की डावा हात आपोआप सरकायचा आणि अंगठा बटणावर पडायचा. नजर सिरिंजवरून हलायचीही नाही. त्यात आळस नव्हता की दुष्टपणा नव्हता. मजल्यावर अकरा पेशंट आणि सिस्टर एकट्या. पण सकाळी रिपोर्ट काढला तर सगळे कॉल तीन-तीन सेकंदांत ‘अटेंड’ झालेले. कागदावर शहरातलं सर्वांत तत्पर नर्सिंग होम!

म्हणून बझरचा आवाज काउंटरवर थोडा वेळ गप्प करता यावा, त्याला हरकत नाही. दिवा आणि नोंद मात्र बेडजवळच मिटायला हवी. बाथरूमचा कॉल तर बाथरूमच्या आत जाऊनच.

वायरलेस म्हणजे आमच्या वाय-फायवर चालणार?

चालू शकतं, पण मला ते फारसं रुचत नाही. वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा म्हणजे सकाळी साडेआठचं दादर स्टेशन. तिथे वाय-फाय आहे, ब्लूटूथ आहे, पँट्रीतला मायक्रोवेव्ह त्याच पट्ट्यात गळतो, आणि मुंबईत शेजारच्या इमारतीतली चाळीस नेटवर्कं भिंतीतून आत डोकावतात. शिवाय राउटर बदलला किंवा पासवर्ड बदलला की बेल मुकी. आयटीवाल्याला कोणी सांगितलेलंच नसतं की त्याच्या नेटवर्कवर पेशंटच्या हाका चालल्यात.

बऱ्याच चांगल्या सिस्टीम स्वतःचा वेगळा रेडिओ वापरतात. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा ठरलेल्या मर्यादेत विनापरवाना वापरता येतो. त्या लहरीची लांबी साधारण ३५ सेंटीमीटर, २.४ गिगाहर्ट्झची साडेबारा. लांब लहर भिंतीतून, माणसांतून आणि लोखंडी कपाटांच्या आडून जरा बऱ्या स्थितीत पलीकडे पोचते. पेशंट कुशीवर वळला आणि हँडसेट त्याच्या अंगाखाली गेला की हा फरक जाणवतो, कारण माणसाचं शरीर म्हणजे बव्हंशी पाणी, आणि पाण्याला २.४ गिगाहर्ट्झ गिळायला आवडतं.

भाचा अमेरिकेत आहे, तिथून सेट मागवला तर?

नको. तिथली बरीच उपकरणं ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झवर बोलतात. त्यातला बराच भाग आपल्याकडे मोबाइल कंपन्यांना दिलेला आहे. त्यांच्या टॉवरला त्रास होईल आणि तुमच्या बेललाही. विक्रेता कोणीही असो, दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विभागाची ईटीए (म्हणजे रेडिओ उपकरणाच्या प्रकाराची) मंजुरी त्या मॉडेलला आहे का, तो कागद मागा. आणि परदेशी प्रमाणपत्र दाखवलं तर नंबर नीट वाचा: अमेरिकेतलं यूएल १०६९ हे सुरक्षेचं मानक हॉस्पिटलच्या नर्स कॉलसाठी आहे, यूएल २५६० हे वृद्धनिवासांसाठी. दोन्ही खरी, पण एकाच्या जागी दुसरं नाही.

ऑनलाइन वीस बटणांचा सेट अगदी स्वस्तात मिळतो. तो का नको?

तो सेट हॉटेलात वेटरला बोलवायला बनवलेला असतो. हे मी तर्काने सांगत नाही. पश्चिम उपनगरातल्या एका नर्सिंग होमने तोच घेतला होता. पहिल्या मजल्यावर पेशंट, तळमजल्यावर रेस्टॉरंट. दुपारी एक ते तीन आणि रात्री आठनंतर चार, सात आणि नऊ नंबरचे बेड सारखे बोलवायचे. सिस्टर धावत जायच्या, तर चार नंबरच्या आजी शांत झोपलेल्या. कोणी म्हणालं वायरिंग खराब (वायरलेसचं वायरिंग!), एका मावशींनी तर त्या खोलीत उदबत्तीही लावली. मी खाली चहा प्यायला बसलो आणि टेबलावर तेच बटण दिसलं. दाबलं. वर बझर वाजल्याचा आवाज जिन्यातून खाली आला.

दोघांनी एकाच जातीचा सेट घेतला होता आणि आतले कोड कारखान्यातून आले तसेच ठेवले होते. या स्वस्त बटणांचा कोड ठरीव असतो, संदेशाला कुलूप नसतं, पोच नसते, आणि बटण मेलं तरी कन्सोलला पत्ता लागत नाही. टेबल नंबर चारला पापड उशिरा मिळाला तर चालतं.

आमची इमारत जुनी आहे, भिंती दोन फुटी. सिग्नल जाईल?

मोजल्याशिवाय कोणी ‘जाईल’ म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

दक्षिण मुंबईतल्या दगडी भिंती, आरसीसीतल्या सळया, लिफ्टची विहीर, एक्स-रेच्या खोलीचं शिसं, लोखंडी कपाटांची रांग, हे सगळे अडवणारे. एमआरआयची खोली तर मुद्दाम रेडिओ आत-बाहेर जाऊ नये अशीच बांधतात. तिथे वायरची किंवा हवेच्या फुग्याची बेल लागते, नाहीतर बाहेर कोणाला तरी उभं करावं लागतं. आपल्याकडे आणखी एक प्रकार: शेजारचे दोन फ्लॅट जोडून केलेलं नर्सिंग होम. मधली भिंत फोडून दार काढलेलं, पॅसेज तीन ठिकाणी वळलेला, आणि काउंटर अशा कोपऱ्यात की तिथून एकही खोली दिसत नाही.

सर्व्हे म्हणजे एक बटण घेऊन प्रत्येक बेडवर, प्रत्येक बाथरूममध्ये, दार बंद करून दाबायचं आणि काउंटरपाशी सिग्नल किती ताकदीने आला ते लिहायचं. मी बटण अंगाखाली घेऊन आडवा होतो आणि मग दाबतो. जेमतेम पोचणाऱ्या जागा मी पोचल्या असं मानत नाही, कारण उद्या तिथे कोणी ऑक्सिजनचे सिलिंडर रचून ठेवेल. तिथे रिपीटर बसवायचा. एका रिपीटरवर अख्खी विंग टांगू नये; तो गेला तर दुसऱ्याने झेलायला हवं.

बॅटरी किती टिकते?

मॉडेलवर आणि वापरावर आहे. साधारण वर्ष ते तीन वर्षं धरा. नाण्यासारख्या सीआर२०३२ सेलमध्ये जेमतेम २२० मिलिअँपिअर-तास एवढाच विजेचा साठा असतो. तरी तो टिकतो, कारण बटण जवळजवळ सगळा वेळ झोपलेलं असतं. बॅटरी कमी झाली की कन्सोलवर सूचना येते. खरी अडचण त्यानंतरची: ती सूचना कोणाच्या कामात मोडते? सिस्टर म्हणतात मेंटेनन्सचं, मेंटेनन्स म्हणतो बायोमेडिकलचं, म्हणजे वैद्यकीय यंत्रं सांभाळणाऱ्यांचं. एक माणूस नेमा आणि सगळे सेल वर्षातून एकदा ठरलेल्या दिवशी एकदम बदला. दसऱ्याला यंत्रांना झेंडूचा हार घालतोच आपण, त्याच दिवशी सेलही बदलावेत, असं मी सगळ्यांना सांगतो. दोन-तीन ठिकाणी हे खरंच चालू आहे.

बटण मेलं, हरवलं, तर कळणार कसं? पेशंटने दाबल्यावरच?

हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, आणि तो विचारणारे सर्वांत कमी.

वायर तुटली की वायरच्या चांगल्या सिस्टीममध्ये फॉल्ट दिसतो. वायरलेसमध्ये शांतता म्हणजे ‘कोणाला काही नको’ हेही असू शकतं आणि ‘बटण मेलंय’ हेही. म्हणून चांगलं बटण कोणी दाबो न दाबो, ठरलेल्या अंतराने स्वतःहून ‘मी आहे’ असा एक बारीक संदेश पाठवत राहतं. असे काही संदेश लागोपाठ चुकले की कन्सोल ओरडतो: बारा नंबर संपर्कात नाही. दर मिनिटाला हजेरी घेतली तर बॅटरी लवकर संपते, दिवसातून एकदा घेतली तर दिवसभर किंवा त्याहूनही जास्त वेळ मेलेलं बटण उशाशी राहू शकतं. हे अंतर किती ठेवलंय ते विचारा आणि लिहून घ्या.

बारा नंबरचं उदाहरण खरं आहे. बटण सापडत नव्हतं. पेशंटला डिस्चार्ज मिळालेला, बेडवर नवी चादर, गादीखाली पाहिलं, ड्रॉवर उपसले. शेवटी मावशींच्या लक्षात आलं: हँडसेट घसरू नये म्हणून सिस्टरांनी तो सेफ्टी पिनने चादरीला टाचला होता, आणि चादर गेली होती धोब्याच्या गाठोड्यात. टेम्पो निघायच्या बेतात होता. गाठोडं सोडलं तर पिवळ्या डागांच्या चादरीत बटण, पिनेसकट.

बाथरूममधली लाल दोरी इतकी खाली का सोडता? फरशी पुसताना ओली होते.

कारण पडलेला माणूस फरशीवर असतो. दोरीचं टोक जमिनीपासून दहा सेंटीमीटरच्या आसपास हवं. दोरी बसवली की मी वर्तमानपत्र पसरून कमोडच्या बाजूला आडवा होतो आणि हात लांबवून पाहतो. डॉक्टर हसतात, हसू देत.

आणि पुढच्या खेपेला गेलो की दहापैकी चार दोऱ्या वर गुंडाळून गाठ मारलेल्या असतात, कारण मॉप अडकतो. मावशींवर चिडून उपयोग नाही. पाणी झटकेल अशी, पुसता येणारी प्लास्टिकची दोरी लावा आणि गाठ का मारायची नाही ते त्यांना एकदा फरशीवर बसवून दाखवा. यंत्राचा डबा आयपी६७ (धूळ-पाणी आत न शिरण्याचा दर्जा) असला तर एक मीटर पाण्यात अर्धा तासही टिकतो. बादलीच्या फवाऱ्याचं त्याला काही नाही.

वीज गेली तर?

बटणं चालू राहतील. कन्सोल, रिपीटर आणि दारावरचे दिवे मात्र विजेवर चालतात, ‘वायरलेस’ या शब्दाने इथे फसगत होते. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी ग्रिड बंद पडून अख्खी मुंबई अंधारली, तेव्हा एका ठिकाणी जनरेटर काही सेकंदांत सुरू झाला, पण कन्सोल साध्या प्लगवर होता. तो पुन्हा उठेपर्यंत दोन मिनिटं गेली, आणि उठला तो कोरा. आधीचे तीन कॉल विसरून. म्हणून कन्सोलला आणि रिपीटरला यूपीएस हवा, आणि पुन्हा सुरू झाल्यावर अर्धवट राहिलेले कॉल आठवतात का, हे प्लग उपटून बघायचं. समोरच बघायचं.

तळघरात काहीही ठेवू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. ज्यांनी तो दिवस पाहिला त्यांना यापुढे काही सांगायला लागत नाही.

पेसमेकरवाल्या पेशंटला धोका?

बटणाची ताकद मोबाइलच्या मानाने किरकोळ, आणि तेही क्षणभर. तरी हँडसेट छातीवर ठेवून झोपू नये. मोबाइलसाठी पंधरा सेंटीमीटर अंतर सांगतात, तेच इथे पाळा.

ज्यांना बटण दाबताच येत नाही त्यांचं काय?

हलक्या स्पर्शाने चालणारी गादीसारखी पट्टी मिळते, फुंकर मारून चालणारी नळी मिळते. अर्धांगवायूच्या पेशंटला बटण चालत्या हाताच्या बाजूला ठेवलंय ना, एवढं आधी बघा. मी चुकीच्या बाजूला ठेवलेली बटणं मोजणं आता सोडून दिलंय.

या नोंदी काढून मॅनेजमेंट सिस्टरांना धारेवर धरेल का?

धरू शकतं, आणि धरलं की काय होतं तेही पाहिलंय: कॉल आधी कॅन्सल होतो, पेशंटकडे मग जातात. रिपोर्टचा खरा उपयोग वेगळा. एका मजल्याच्या महिनाभराच्या नोंदी पाहिल्या तर सर्वांत जास्त कॉल पहाटे पाच ते सात. अर्धे बाथरूमला नेण्यासाठी, बाकीचे सलाईन संपली म्हणून. मेट्रननी एका आयाबाईंची पाळी तासभर अलीकडे ओढली आणि सलाईन संपायच्या आधी फेरी ठेवली. कॉल आपोआप कमी झाले. कोणाला मेमो द्यावा लागला नाही.

महापालिकेच्या जनरल वॉर्डात अशी बेल का दिसत नाही?

नायर आणि केईएम ही दोन्ही रुग्णालयं १९२०च्या दशकातली. त्या काळातला वॉर्ड म्हणजे एक लांब दालन, दोन्ही बाजूंना खाटा, मध्ये सिस्टरांचं टेबल. तिथे नजर हीच बेल, आणि नातेवाइकांचा ‘सिस्टर!’ हा आवाज. खोल्या पडल्या, दारं लागली, तेव्हा बेलची गरज वाढली. माझं मत विचाराल तर उघड्या वॉर्डातही निदान बाथरूममध्ये ती हवीच, आणि भिंती न फोडता करता येत असल्याने तिथे वायरलेस सोपं जातं.

आमची वायरची बेल चांगली चालते. बदलू का?

नका बदलू.

पेशंट म्हणून मी बटण किती वेळा दाबायचं?

एकदा. दिवा लागला का बघा. बटण दुतर्फा असेल आणि दिवा लागला असेल तर तुमचा नंबर काउंटरवर आहे आणि कोणी येऊन मिटवेपर्यंत राहणार आहे. रागाने दहा वेळा दाबून तो वर चढत नाही. दिवा लागला नाही तर वाट बघत पडून राहू नका. नातेवाइकाला काउंटरवर पाठवा, आणि सिस्टरांना सांगा, ‘बेल बंद आहे.’ मग मला फोन येतो.